आपल्या केंद्रातील मराठी शाळांची तुलना करायची तर नेमके काय पाहावे?

खाडीकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्याच्या किनारपट्टीवर राहणाऱ्या आम्हा पालकांपुढे दर वर्षी एप्रिल-मे महिन्यांत जो प्रश्न उभा राहतो, तो यंदा माझ्या घरी आला आहे. मुलीला जूनमध्ये पहिलीत घालायचे आहे आणि जाता-येता येईल अशा अंतरावर जिल्हा परिषदेच्या तीन शाळा आहेत. एक आमच्या वाडीतच आहे. ती पहिली ते पाचवीपर्यंतची दुशिक्षकी शाळा असून पट विसाच्या जरासा पुढे आहे. दुसरी तिठ्यावरची केंद्रशाळा, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची (केंद्राची) मुख्य शाळा. तिथे सातवीपर्यंत वर्ग आहेत, पट शंभराच्या वर आहे, सेमी-इंग्रजी आहे आणि भिंती नुकत्याच रंगवलेल्या आहेत. तिसरी खाडीपलीकडे बंदराजवळ असून पूल झाल्यापासून तिथे रिक्षाने जाता येते. शाळांची आणि गावांची नावे मुद्दाम देत नाही. प्रतिसादांतही कृपया देऊ नयेत, कारण नाव आले की चर्चा शिक्षकांच्या स्वभावावर घसरते.

ज्यांना विचारले त्या बहुतेकांनी इमारत, इंग्रजी आणि पुढच्या हायस्कूलचा दहावीचा निकाल अशी तीन मापे सांगितली. यातले तिसरे माप आपल्या भागात मुळीच चालत नाही, असे माझे मत आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून होणाऱ्या कोकण विभागीय मंडळाचा दहावीचा निकाल मार्च २०२४च्या परीक्षेत ९९.०१ टक्के आणि २०२५मध्ये ९८.८२ टक्के लागला. २०२५मध्ये राज्याचा निकाल ९४.१० टक्के होता. कोकण पहिला आला की मलाही अभिमान वाटतो. परंतु जिथे शंभरातली नव्याण्णव मुले उत्तीर्ण होतात, तिथे दोन शाळांमधला फरक त्या आकड्यातून दिसणार कसा? शिवाय आज पहिलीत बसणारे मूल दहावीला पोहोचेपर्यंत शाळेतले सगळे शिक्षक बदललेले असतील.

शिष्यवृत्ती परीक्षेचेही तेच. केंद्रशाळेच्या दारात गुणवत्ता यादीत आलेल्या मुलांचे फलक लागतात आणि ते लागावेतच. पण किती मुले परीक्षेला बसवली आणि त्यांच्यापैकी किती पात्र ठरली, हे फलकावर लिहिलेले नसते. वाडीतल्या शाळेत परीक्षेच्या इयत्तेत सहा मुले असतील, तर एक मूल म्हणजे जवळजवळ सतरा टक्के. एका मुलाला त्या दिवशी ताप आला की शाळेचा ‘निकाल’ घसरतो. इतक्या लहान पटाच्या शाळांची टक्केवारीने तुलना करणे मला अन्यायाचे वाटते.

मुलांना काय येते हे तपासणाऱ्या असर किंवा परख यांसारख्या सर्वेक्षणांचा दाखलाही इथे पुरेसा नाही. ती नमुना पाहणी असते. तिच्यावरून राज्याविषयी किंवा जिल्ह्याविषयी अंदाज बांधता येतो, आपल्या वाडीतल्या शाळेविषयी बांधता येत नाही.

मग उरते काय? शाळांची माहिती ठेवणारे यू-डायसचे सरकारी संकेतस्थळ मी पाहिले. प्रत्येक शाळेला ११ अंकी क्रमांक असतो आणि त्यावरून शाळेचे प्रगतिपत्रक उघडते. पट, शिक्षकसंख्या, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, वीज, पाणी हे सारे त्यात असते. ही सोय फार मोलाची आहे आणि आपल्यापैकी फार थोडे पालक ती वापरतात. मात्र तिच्यातला शिक्षक-विद्यार्थी प्रमाणाचा आकडा आपल्यासारख्या भागात चकवतो. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार आणि २०० पर्यंत पाच असा हिशेब आहे. आमच्या वाडीच्या शाळेत दर दहा-अकरा मुलांमागे एक शिक्षक दिसतो, जो शहरातल्या महागड्या शाळेतही मिळणार नाही. प्रत्यक्षात मात्र दोन शिक्षक पाच इयत्ता सांभाळत असतात. म्हणून एका शिक्षकाकडे किती मुले आहेत यापेक्षा एका शिक्षकाकडे किती इयत्ता आहेत, हे आधी पाहावे असे मला वाटते. जाणकारांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा.

दापोलीचे गुरुजी

ताई, आपण धाग्याची सुरुवात योग्य ठिकाणी केली आहे. माझी बहुतेक नोकरी दुशिक्षकी शाळांत आणि शेवटची काही वर्षे केंद्रशाळेत मुख्याध्यापक म्हणून झाली, त्यामुळे दोन्ही बाजू जवळून पाहिल्या आहेत.

एका शिक्षकाकडे किती इयत्ता, हा प्रश्न बरोबरच आहे. परंतु त्याला जोडून दुसरा प्रश्न विचारावा लागतो: तो शिक्षक त्या इयत्ता कशा हाताळतो? बहुवर्ग अध्यापन हे स्वतंत्र कौशल्य आहे. ज्या शिक्षकाला ते साधले आहे, त्याच्या वर्गात शिरल्याबरोबर कळते. फळ्याचे खडूने उभे भाग पाडलेले असतात. एका भागात तिसरीची उदाहरणे, दुसऱ्यात चौथीचे शुद्धलेखन, आणि गुरुजी स्वतः पाचवीच्या मुलांजवळ खाली बसून भागाकार समजावत असतात. दहा मिनिटांनी ते उठून तिसरीकडे जातात, तेव्हा पाचवीला पुढचे काम आधीच दिलेले असते. चौथीतली एखादी मुलगी दुसरीतल्या पोराचे वाचन ऐकत असते. असा वर्ग एकेका इयत्तेच्या वर्गापेक्षा कमी प्रतीचा नसतो. मुले स्वतः अभ्यास करायला लवकर शिकतात. ज्याला हे साधलेले नाही, त्याच्या वर्गात एक इयत्ता शिकते आणि बाकीच्या पाढे लिहीत बसतात. दोन्ही शाळांचे यू-डायसवरचे प्रगतिपत्रक मात्र सारखेच दिसेल.

तेव्हा माझा सल्ला असा की, मुख्याध्यापकांची रीतसर परवानगी घेऊन शाळेत जावे आणि कार्यक्रमाच्या नव्हे, साध्या दिवशी जावे. तिसरीतल्या एखाद्या मुलाला बालभारतीच्या पुस्तकातला अजून शिकवून न झालेला धडा वाचायला सांगावे. झालेला धडा पुष्कळदा पाठ असतो. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलाला उठवू नये. मागे, खिडकीशी बसलेल्याला विचारावे. हातचा घेऊन करायची एक वजाबाकी घालावी. त्यानंतर वह्या मागाव्यात. लाल शाईची खूण आहे की नाही, एवढ्यावर थांबू नये. चूक दाखवल्यावर मुलाने ती खाली सुधारून पुन्हा लिहिली आहे का आणि ते सुधारलेले शिक्षकांनी पुन्हा पाहिले आहे का, हे बघावे. माझ्या मते शाळेविषयी वहीइतकी खरी साक्ष दुसरी कोणतीच नाही.

इमारतीबद्दलही एक शब्द. एप्रिलात सगळ्याच शाळा चांगल्या दिसतात. आपल्याकडे शाळा पाहायची ती जुलैत. कौले किती ठिकाणी फुटली आहेत, पागोळ्यांचे पाणी ओटीवर येते का, किती खोल्या पावसाळ्यात बंद ठेवाव्या लागतात, पोषण आहार शिजवायची शेड कोरडी राहते का, हे तेव्हाच कळते. यंदाचा पाऊस लागेपर्यंत थांबता येणार नाही, म्हणून भिंतीवरची ओल आणि वाशांचा रंग तरी बघून घ्यावा. रंगवलेली भिंत बाहेरून पाहण्यापेक्षा आतून पाहणे बरे.

पोफळ

गुरुजींच्या प्रतिसादाबद्दल आदर राखून वेगळे मत मांडतो. माझा मुलगा गुहागर तालुक्यातल्या एका लहान शाळेत दोन वर्षे होता. शिक्षक उत्तम होते, त्यांच्याविषयी आजही मनात कृतज्ञता आहे. परंतु त्याच्या इयत्तेत तो एकटा होता. त्याला खेळायला सवंगडी होते, पण उत्तर शोधताना ज्याच्याशी चढाओढ करावी, ज्याचे चुकलेले पाहून आपले सुधारावे असा बरोबरीचा कोणी नव्हता. समूहगीत, नाटुकले, कबड्डीचा संघ यांतले काहीच पुरे पडत नसे. शेवटी आम्ही त्याला मोठ्या पटाच्या शाळेत घातले आणि वर्षभरात तो चार लोकांत बोलू लागला. तुलनेत ‘माझ्या मुलाच्या इयत्तेत आणखी किती मुले’ हा आकडा धरलाच पाहिजे, असे मला तीव्रतेने वाटते.

आडवाट

मी राजापूर तालुक्यातल्या एका शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. पोफळ यांचा अनुभव खरा आहे आणि तो नाकारता येणार नाही. पण आपण पालक म्हणून तुलना करतो तेव्हा त्या तुलनेचा परिणाम शाळेवर होतो, तोही बोलायला हवा.

एका वाडीतल्या तीन-चार घरांनी मुले तिठ्यावरच्या शाळेत नेली की वाडीचा पट विसाखाली जातो. सप्टेंबर २०२३मध्ये राज्याच्या शिक्षण आयुक्तांनी वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले होते. अशा शाळा राज्यात १४,०००हून अधिक असल्याचे तेव्हा पुढे आले, आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत व नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ ही उदाहरणे देण्यात आली. तेव्हापासून आमच्याकडे पट अठरा आहे की एकवीस, हा शाळा राहणार की जाणार असा प्रश्न होऊन बसला आहे. संचमान्यता, म्हणजे शाळेच्या शिक्षकपदांची मंजुरी, ३० सप्टेंबरच्या पटावर होते. त्या तारखेला दोन मुले कमी भरली तर पुढच्या वर्षी एक शिक्षक कमी होऊ शकतो, आणि शिक्षक कमी झाला की उरलेले पालकही मुले काढतात.

ज्यांच्याकडे दुचाकी आहे, ज्यांना रिक्षाचे पैसे परवडतात, ते आधी जातात. मागे राहतात ती आंबा-काजूच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबांची, चिऱ्याच्या खाणीवर काम करणाऱ्यांची आणि म्हाताऱ्या आजी-आजोबांजवळ वाढणारी मुले. शिक्षण हक्क कायद्याच्या महाराष्ट्रातील नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी. परंतु आपल्याकडे एक किलोमीटर हे नकाशावरचे अंतर असते. मध्ये वहाळ असतो, त्यावरचा साकव आषाढात पाण्याखाली जातो, आणि सहा वर्षांच्या मुलीला घाटी चढून पाठवायला कोणतीही आई धजत नाही. म्हणून माझ्या यादीत पहिला प्रश्न हा असतो की, पावसाच्या चार महिन्यांत मूल त्या शाळेत रोज पोहोचू शकेल का. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरणे कायद्याने बंधनकारक आहे. शाळा २०० दिवस भरली आणि आपले मूल त्यातले दीडशेच दिवस गेले, तर शाळा कितीही नामांकित असली तरी तिचा उपयोग काय?

खाडीकाठताई, आणखी एक गोष्ट अवश्य तपासा. शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त मागा. समितीत ७५ टक्के पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असणे आवश्यक आहे. शाळा विकास आराखडा करणे हे तिचेच काम आहे. इतिवृत्तात प्रत्येक बैठकीत ‘सर्वानुमते मंजूर’ एवढेच असेल, तर ती समिती कागदावर आहे असे समजा. आमच्या इतिवृत्तात मात्र पाण्याच्या टाकीवरून झालेला वाद पानभर लिहिलेला आहे, आणि टाकी आज बसलेली आहे.

वर्ग चौथा

मी सध्या सिंधुदुर्गात उपशिक्षिका आहे, त्यामुळे थोडे जपून लिहिते.

शिक्षकसंख्या पाहताना ‘मंजूर’, ‘कार्यरत’ आणि ‘कामगिरीवर’ हे तीन शब्द वेगवेगळे विचारावेत. शाळेला दोन पदे मंजूर असतात. एक रिक्त असते, किंवा दोन्ही भरलेली असून एका शिक्षकाला शेजारच्या शाळेत कामगिरीवर काढलेले असते. प्रगतिपत्रकात दोन दिसतात आणि वर्गावर एकच असतो. कायद्याच्या कलम २६ प्रमाणे कोणत्याही शाळेतील रिक्त पदे मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नयेत. दुशिक्षकी शाळेत एक पद रिक्त असले तरी ते पन्नास टक्के होते.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत हा प्रश्न जुना आहे. बाहेरच्या जिल्ह्यांतून अनेक शिक्षक येथे नेमणुकीवर येतात, मन लावून शिकवतात, आणि आंतरजिल्हा बदलीची संधी मिळाली की आपल्या घराकडे जातात. आई-वडील चारशे किलोमीटरवर असताना कोणी तसे केले, तर त्याला दोष देणे मला योग्य वाटत नाही. पण मुलांच्या बाजूने पाहिले तर पहिली ते पाचवी या काळात तीन-चार शिक्षक बदलणे हे मोठे नुकसान आहे, कारण प्रत्येक नवा शिक्षक मुलांना ओळखण्यात पहिले काही महिने घालवतो. त्यामुळे शाळेतले सध्याचे शिक्षक किती वर्षांपासून आहेत आणि यंदा त्यांपैकी कोणी बदलीस पात्र आहे का, हे विचारण्यात गैर काही नाही. मी तर म्हणेन की, शाळांची तुलना करताना सर्वांत उपयोगी आकडा हाच आहे.

अशैक्षणिक कामांविषयीही लिहायला हवे. दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांव्यतिरिक्त अन्य अशैक्षणिक काम शिक्षकांना देऊ नये, असे कलम २७ सांगते. प्रत्यक्षात ऑनलाइन माहिती, छायाचित्रे, लिंक भरणे, पोषण आहाराच्या नोंदी हे सारे शाळेच्या वेळेत करावे लागते. मोठ्या शाळेत ते काम पाच जणांत वाटले जाते. लहान शाळेत मुख्याध्यापकच वर्गशिक्षक असतो, म्हणजे त्याच्याकडच्या इयत्ताच त्याची किंमत मोजतात. कायद्यात पूर्णवेळ मुख्याध्यापकाची तरतूद पाचवीपर्यंतच्या शाळेत दीडशेपेक्षा जास्त मुले असतील तेव्हाची आहे. आपल्या किनाऱ्यावर एवढ्या पटाच्या शाळा किती?

सेमी-इंग्रजीविषयी पालक फार विचारतात. आपल्याकडे सेमी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. ते शिकवणारा शिक्षक त्या भाषेत सहज बोलणारा असेल तर उत्तम. नसेल तर मूल गणितही धड शिकत नाही आणि इंग्रजीही नाही. फलकावर ‘सेमी’ असणे पुरेसे मानू नका. गणिताचा एक तास बाहेरून ऐका.

पोफळ

आडवाटताई, आपला मुद्दा मनाला लागला, तरीही एका गोष्टीवर मी ठाम आहे. वाडीची शाळा टिकवण्याची जबाबदारी एकट्या मुलाच्या खांद्यावर टाकता येणार नाही. शाळा टिकावी म्हणून आपण ग्रामसभेत ठराव करू, मुंबईकर मंडळाकडून मदत आणू, जिल्हा परिषदेकडे रिक्त पद भरण्याचा पाठपुरावा करू. पण पहिलीतल्या मुलाने पट भरण्यासाठी तिथे बसावे, हे मला पटत नाही. आपल्या केंद्रातल्या दोन-तीन लहान शाळांनी आठवड्यातून एक दिवस एकत्र येऊन खेळ, गाणी, वाचन घेतले तर एकटेपणाचा प्रश्न बराच सुटेल. केंद्रातल्या शिक्षकांची शिक्षण परिषद भरते, तशी मुलांचीही भरवता येईल.

खाडीकाठ (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या काळात तिन्ही शाळांत जाऊन आले. तिन्ही ठिकाणी मुख्याध्यापकांनी आदराने बसवले आणि विचारलेले सगळे दाखवले, हे आधी नमूद करते.

बंदराजवळच्या शाळेचा विचार सोडला. पुलावरून पावसात रिक्षाचा भरवसा नाही, एवढे एकच कारण पुरेसे होते. केंद्रशाळेत पहिलीत वीसेक मुले येतील असा अंदाज आहे, प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र शिक्षक आहेत आणि दुसरीची मुले उतारा बऱ्यापैकी वाचतात. मात्र वह्यांवर खुणा होत्या, सुधारणा फारशा नव्हत्या. पहिलीच्या बाईंची बदली यंदा होण्याची शक्यता त्यांनी स्वतःच सांगितली.

वाडीच्या शाळेत दोन्ही पदे भरलेली आहेत, कामगिरीवर कोणी नाही, आणि दोघांपैकी एक बाई सहा वर्षांपासून तिथेच आहेत. गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे खिडकीशी बसलेल्या तिसरीतल्या मुलाला न शिकवलेला धडा वाचायला दिला. तो ओळीवर बोट ठेवून वाचत होता. ‘विस्तीर्ण’ या शब्दाशी अडला, दोनदा फोडून वाचला, मग पूर्ण वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हटले. बाई मध्ये बोलल्या नाहीत. वजाबाकीत त्याचा हातचा चुकला, तेव्हा शेजारच्या चौथीतल्या मुलीने खुणेने दाखवले आणि त्याने स्वतः खोडून दुरुस्त केले. त्याच्या वहीत मागच्या आठवड्याचीही अशीच दुरुस्ती होती, तारखेसकट.

मुलीच्या इयत्तेत तिच्यासह तीन मुले असतील. पोफळ यांचा आक्षेप त्यामुळे पूर्णपणे दूर होत नाही, हे मान्य आहे. आम्ही दोघांनी घरी बोलून पाचवीपर्यंत वाडीची शाळा आणि पुढे केंद्रशाळा किंवा हायस्कूल असे ठरवले आहे. आठवड्यातून एकदा शाळा एकत्र आणण्याची सूचना मी पहिल्याच पालकसभेत मांडणार आहे. एक शंका राहते: पहिल्या सत्रानंतर बाईंची बदली झाली आणि पद रिक्त राहिले, तर वर्षाच्या मध्येच मुलीला केंद्रशाळेत नेता येईल का?

वर्ग चौथा

येईल. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दुसऱ्या शासकीय किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा मुलाला हक्क आहे. मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखला मिळायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. मात्र अर्ज करण्यापूर्वी व्यवस्थापन समितीच्या बैठकीत रिक्त पदाचा विषय लेखी घेऊन ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा. तुमच्या तिघांच्या पहिलीसाठी कामगिरीवर तरी शिक्षक मिळण्याची शक्यता त्याने वाढते.